बाकं आणि बीजगणित

बाकं हलवायची असली की सर म्हणत, "चार दणकट मुलगे या!" त्या चौघांचा बीजगणिताचा तास आपसूक बुडे. नववीतल्या पैलवानाने याच पुण्याईवर तीन वर्षं काढली होती.

"मुली नाजूक असतात, सर," तो कळवळून सांगे.

यंदा मॉनिटर एक मुलगी होती. ती उठली. "सर, घरी गॅसचा सिलिंडर मीच सरकवते. बाकं आम्ही मुली उचलतो."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "पैलवान, तू बस. आज चाचणी आहे."

पैलवानाच्या तोंडचं पाणी पळालं. "सर, समानता म्हणजे मिळून काम! एक टोक तिचं, एक माझं!"

"लवकर सुधारलास रे!" मॉनिटर म्हणाली.

दोघांनी बाकं उचलली. सरांना समानता इतकी पटली, की मधल्या सुट्टीत त्यांनी दोघांचीही चाचणी घेतली. दोघांना सारखेच गुण पडले. दोन.