आप्पेपात्रातले बारा साक्षीदार

न्हावऱ्याच्या दूध डेअरीसमोर शनिवारी सकाळी कॅन उतरवायलाही जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या हातात औषधाची बाटली. दौंडकडून आलेले जीवपारखी महाराज औषधांची परीक्षा घेत होते, तीही फुकट.

टेबलावर दोन ग्लास, पाण्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या. महाराज त्यांना 'साक्षीदार' म्हणत. एका ग्लासात चांदीच्या पळीनं त्यांचं तीर्थ पडे, टेबलावर चिमटा आपटे आणि अळ्या नाचत तळाला जात. दुसऱ्यात पितळी पळीनं दवाखान्याचं औषध पडे. मग आरती होई, ती संपेपर्यंत तिथले साक्षीदार गार.

"लॅबवाले रिपोर्टला तीन दिवस लावत्यात," महाराज सांगत. "आपल्याकडं लाइव्ह रिपोर्ट. बारका जीव खोटं बोलत न्हाई."

साखरबाईंनी तीन वर्षांच्या नातवाचं, शंभूचं, झटक्यांचं औषध तपासून घेतलं. अळ्या मेल्या. घरी येऊन त्यांनी सुनेला बजावलं, "सुलक्षणा, उद्यापास्नं हे इख पोराला द्यायचं न्हाई. तीर्थ द्यायचं."

त्या औषधामुळे शंभूला आठ महिने झटका आला नव्हता. ते एकाएकी थांबवलं तर काय होतं, हे डॉक्टरांनी सुलक्षणाला दोनदा समजावलं होतं. पण सासूबाई डोळ्यांनी पाहून आल्या होत्या. डोळ्यांशी वाद कसा घालायचा?

मग तिला लग्नाआधीची नोकरी आठवली. पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेत शहाण्णव खळग्यांची ताटली असे. प्रत्येक खळग्यात माशाचं इवलंसं पिल्लू आणि वेगवेगळ्या औषधाचा थेंब. दिवसात शेकडो औषधं चाळून निघत. काही खळगे मात्र कायम नुसत्या पाण्याचे. मॅडम म्हणायच्या, "त्यातली पिल्लं मेली तर औषधाला बोल लावू नका, आपलंच काहीतरी चुकलंय."

दुपारी शंभूचा डोळा लागला तशी तिनं सासूबाईंचं बारा खळग्यांचं बिडाचं आप्पेपात्र काढलं. साक्षीदार तर गोठ्यामागच्या टाकीत हजारांनी होते. साध्या डासाच्या अळ्या. चार खळग्यांत औषध, चारांत सासूबाईंनी आणलेलं तीर्थ, चारांत नुसतं पाणी. तेवढ्यात शंभू उठला. त्याला वरणभात भरवून, तोंड पुसून ती परत आली, तर बाराच्या बारा अळ्या मेलेल्या. नुसत्या पाण्यातल्यासुद्धा.

तिला रडूच आलं असतं, पण पाण्यावर काहीतरी चमकलं. तेलाचा तवंग. सासूबाई आप्पेपात्राला साबण लावू देत नसत, तेलाचा बोळाच फिरवत. आणि ही अळी तर शेपटीकडची नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेते. वर तेल पसरलं की जीव गुदमरलाच. म्हणजे मारणारं औषध नव्हतं, भांडं होतं. मग महाराजांकडं? तिला सासूबाईंनी सांगितलेली पितळी पळी आठवली आणि ती हसली. आई हसली म्हणून शंभूही हसला.

रविवारी ती शंभूला कडेवर घेऊन, राखेनं खसाखसा घासलेलं आप्पेपात्र, औषधाची बाटली आणि अळ्यांचा डबा घेऊन डेअरीसमोर हजर झाली.

"माझं आप्पेपात्र!" साखरबाई ओरडल्या. "आन् त्यात किडं?"

"आत्याबाई, मागनं रागवा. आधी एवढंच करा, पळ्यांची अदलाबदल. महाराजांचं तीर्थ पितळी पळीनं घाला, शंभूचं औषध चांदीच्या."

महाराज घाईनं म्हणाले, पळी बाटंल.

"तीर्थानं कशी बाटंल, महाराज?" साखरबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पळ्या उचलल्या. सुलक्षणानं काही खळग्यांत नुसतं पाणीही ठेवलं.

आरती सुरू झाली. महाराजांनी ती दोनच कडव्यांत आवरली, तर म्हाताऱ्या गेणबाआबांनी पुढची कडवी लावून धरली. आरती संपली तेव्हा तीर्थातल्या अळ्या मेल्या होत्या. औषधातल्या आणि पाण्यातल्या मजेत फिरत होत्या. इतक्यात शंभूनं टेबलावर मूठ आपटली आणि जिवंत अळ्या नाचत तळाला गेल्या.

"घ्या," गेणबाआबा म्हणाले, "ह्यो बी महाराज झाला."

धक्का बसला की अळी बुडी मारते, मंत्र लागत नाही, हे सुलक्षणानं सांगितलं. साखरबाई मात्र पितळी पळी नाकाशी धरून उभ्या होत्या. धुपाच्या वासाखाली दुसराच वास होता.

"रॉकेल हाय हे," त्या म्हणाल्या. वळून बघतात तो महाराजांची जीप दौंडच्या रस्त्याला लागलेली.

सुलक्षणानं हेही सांगितलं, की अळी जगली म्हणून औषध अमृत ठरत नाही आणि मेली म्हणून विषही नाही. प्रयोगशाळेत बारक्या जिवांवरची चाचणी ही नुसती पहिली चाळण असते. पुढं वर्षानुवर्षं तपासणी चालते. औषध बंद करायचं तर ते डॉक्टरांना विचारून. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी शेजारी नुसत्या पाण्याचा एक खळगा मांडायचा.

संध्याकाळी शंभूच्या औषधाची वेळ झाली. साखरबाईंनी चमचा धुतला, वास घेतला, पुन्हा धुतला आणि सुनेपुढं धरला.

"दे लवकर, येळ टळंल. आन् ते आप्पेपात्र तू माहेरी घिऊन जा."