गाढवावरच्या दोन बॅगा

चिमणीनं कागदी गाढवाच्या पाठीवर दुसरी बॅग चिकटवली आणि गाढव तोंडावर आपटलं. वर्ग खो-खो हसला. तिनं ते शांतपणे उचललं, मागून पुठ्ठ्याचा टेकू लावला आणि पुन्हा उभं केलं.

सिनेगॉगमागच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी तोराचा, त्यांच्या धर्मग्रंथाचा वर्ग भरायचा. बाईंचा नियम एकच. पुस्तकात लिहिलेलं पुसायचं नाही. पुस्तक जिथं गप्प बसलंय, तिथं मात्र मनाला येईल ते घालायचं. या नियमापायी बाईंनी बरंच सोसलं होतं. गेल्याच महिन्यात नोहाच्या तारवात तीन डायनासोर चढले होते. आज बुटांच्या खोक्यात डोंगर उभा होता. देवाच्या सांगण्यावरून अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकचा बळी द्यायला निघतो ती गोष्ट, आणि सांगायची पाळी आठ वर्षांच्या चिमणीची. शेवटी वरून थांबवणारा देवदूताचा आवाज नेहमीप्रमाणे बाईंचा. बाईंनी आवाज चढवला की रस्त्यापलीकडचं कुत्रंसुद्धा गप्प बसतं, असं मुलं म्हणायची.

"अब्राहाम पहाटे उठला," चिमणी म्हणाली. "इसहाकच्या आईला, साराला त्यानं काहीच सांगितलं नाही."

साराबद्दल इथं पुस्तक गप्पच होतं. बाईंनी मान डोलावली.

"इसहाकनं आईच्या कपाटातून आपला जन्माचा दाखला आणून दिला. बाबा म्हणाले होते, आईला सांगू नकोस, गंमत आहे. तिकडे नवीन शाळा पण आहे."

पोरं पुन्हा हसली. बाईही हसल्या, पण ते हसू तोंडावर तसंच राहून गेलं. चिमणी आईजवळ राहायची. रविवारी वर्ग सुटला की बाप तिला घेऊन जायचा आणि संध्याकाळी आणून सोडायचा. कोर्टानं तसं ठरवून दिलं होतं, आणि हे तिच्या आईनं वर्षाच्या सुरुवातीला बाईंना दोनदा सांगितलं होतं.

दारात किल्ल्या वाजल्या. बाप अर्धा तास आधीच आला होता. गाडी रस्त्यातच उभी करून आलोय, जरा लवकर सोडाल का, असं त्यानं अगदी अदबीनं विचारलं. बाहेर कुत्रं त्या गाडीवर भुंकत सुटलं होतं.

चिमणीनं मान वर केली नाही. तिनं अब्राहाम आणि इसहाकच्या बाहुल्या डोंगरावर चढवल्या.

"इसहाकनं विचारलं, बाबा, बॅगा आहेत, तिकिटं आहेत. पण आई कुठंय?"

"पुस्तकात तो विचारतो, बळीचं कोकरू कुठंय," पुढच्या बाकावरून कुणीतरी चूक काढली. या वेळी कुणी हसलं नाही.

"अब्राहाम म्हणाला, बघू. होईल सोय."

बापाच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. पोरांच्या डोक्यात काय काय येतं, असं म्हणत तो आत आला.

दिवस त्याचा हक्काचा होता. पोरीच्या खेळावरून बापावर संशय घ्यायचा म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. खोटं ठरलं तर गावभर तोंड दाखवायची सोय नाही. आणि खरं असेल, तर गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर ती आई संध्याकाळपर्यंत नुसती वाट बघत बसणार होती.

चिमणीनं अब्राहामच्या बाहुलीच्या हातात कागदाचा सुरा अडकवला आणि तो हात वर धरला.

"आता आवाज," ती म्हणाली.

"अब्राहाम," बाई म्हणाल्या. पण इतक्या हळू, की पुढच्या बाकापर्यंतही ते नीट पोचलं नाही.

"छान. झालं ना?" बाप म्हणाला आणि त्यानं चिमणीचं मनगट धरलं. "चल, उशीर होतोय."

चिमणी जागची हलली नाही. दुसऱ्या हातानं तिनं बाहुलीचा सुरा अजून वरच धरला होता.

"पुस्तकात हाक दोनदा आहे, बाई."

बाई उठल्या. दारापाशी जाऊन त्यांनी दार लोटलं, कडी घातली आणि त्याला पाठ लावून चिमणीच्या आईचा नंबर लावला. फोन कानाशी धरून त्यांनी बापाकडे पाहिलं.

"थांबा," त्या म्हणाल्या.

बाहेर भुंकणारं कुत्रं गप्प झालं.