एकाच मिनिटाचे तीन शिक्के

मी एक जुने हजेरीचे यंत्र आहे. खोक्यांच्या कारखान्याच्या दारात तीस वर्षे भिंतीवर आहे. कामगार माझ्या फटीत कार्ड घालतो आणि मी खट्कन वेळेचा शिक्का मारते. मित्रांनो, मला माझ्या खरेपणाचा भारी तोरा होता. त्याच खरेपणापायी तीन निरपराध माणसे तुरुंगात जायची वेळ आली.

एका दुपारी गोदामाला आग लागली. फिटर आणि त्याचे दोन सोबती पकडले गेले. आरोप आग लावण्याच्या कटाचा होता. कट सिद्ध करायचा, तर तिघांनी मिळून आधी ठरवले हे दाखवावे लागते. सरकारी वकिलांना ते माझ्या शिक्क्यांत सापडले. आगीआधीचे सलग सहा दिवस तिघांच्याही कार्डांवर सकाळचे सहा दहा, म्हणजे कामाच्या तासभर आधीची वेळ होती.

"इतक्या लवकर तिघे कशाला जमत होते?" त्यांनी कोर्टात विचारले.

फिटर गप्प राहिला. खरे बोलला असता, तर कारखाना झाडणाऱ्या मावशीची नोकरी गेली असती. त्याची बायको मागच्या बाकावर रडत होती. मला पुरावा म्हणून टेबलावर ठेवले होते, पण मला कुठले तोंड!

शेवटी मावशीच उठली.

"साहेब, ती कार्डं मी मारलीत. पूल बंद होता, यांची बस उशिरा यायची. हजेरी बुडू नये म्हणून माझ्याबरोबर यांचीही मारायची."

"आता असं कोणीही म्हणेल," वकील हसले.

"म्हणेल की. पण माझ्याइतकं वाकडं कोण मारेल?"

मावशी डावखुरी. न्यायाधीशांनी तिला कोरे कार्ड दिले. खट्! शिक्का तिरका पडला. तिघांचे त्या सहा दिवसांचे सकाळचे शिक्के अगदी तसेच तिरके होते, आणि स्वतःच्या हाताने मारलेले संध्याकाळचे सरळ. न्यायाधीशांनी चष्मा पुसून कार्डे पुन्हा पाहिली. तिघे जमल्याचा दुसरा पुरावा वकिलांकडे नव्हताच.

तिघे सुटले. माझा जीव भांड्यात पडला. मालकांनी मावशीला खरमरीत ताकीद दिली, पण कामावर ठेवले. फिटर आता दर शनिवारी मला तेल घालतो आणि स्वतःचे कार्ड स्वतःच मारतो.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची निगा राखा. त्यांनी सांगितलेली वेळही खरी माना. पण तेवढ्यावरून कोणाला दोषी ठरवू नका. कार्ड कोणाच्या हातात होते, ते मला कधीच दिसत नाही.