भवानी पेठेतला गोबी

हातातला झाडू हातातच राहिला आणि अंबुबाईनं पडद्याच्या फटीला डोळा लावला. कंपाउंडर चनबसप्पानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं, आणि मिक्श्चरची बाटली माशाच्या काचेच्या टाकीत गपकन उपडी केली. मग धोतराला हात पुसून असा काउंटरमागे बसला, जणू जन्मल्यापासून तिथंच बसलाय!

'घावला की चोर,' अंबुबाई मनात म्हणाली.

संशय तिला पहिल्यापासूनच होता. डॉक्टरांच्या जहाजावरच्या भावानं तो मासा आणलेला. गोबी म्हणे. प्रवाळाच्या खाचेत राहणारा, पिवळाधमक, भुईमुगाच्या शेंगेएवढा. येईल त्या पेशंटला डॉक्टर कौतुकानं सांगायचे, "खाऱ्या पाण्याच्या टाकीला हाच मासा बरा. जागा कमी लागते, कुणाशी भांडत नाही, शिंपल्याच्या आडोशाला खुशाल बसून राहतो." पण चनबसप्पा पडला लिंगायत, कपाळावर ठसठशीत विभूती. पहिल्याच दिवशी त्यानं नाक मुरडलं होतं, "औषधाच्या जागी मासा. काय काळ आलाय बघा." तेव्हापासून तो टाकीकडे पाठ करूनच बसायचा.

आणि अंबुबाई? वळसंगहून आली ती या दवाखान्याची फरशी पुसण्यातच तिचे केस पिकले. डॉक्टरांनी विश्वासानं तिच्या हाती काही दिलं, तर हा मासा. मे महिन्याच्या उन्हानं टाकीतलं पाणी भराभर आटायचं. डॉक्टर म्हणाले, आटलं की भरत जा. आता समुद्राचा जीव, त्याला गोडं पाणी कसं सोसेल? म्हणून ती दर तांब्यात मूठभर खडेमीठ विरघळवायची आणि मगच ओतायची. एवढं करूनही हल्ली मासा मलूल दिसे. का, ते आज कळलं.

ती तडक डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली. "डाक्टरसायेब, मासा मरतोय बगा. तुमचा कंपाउंडर बाटलीतनं कायतरी घालतोय. या डोळ्यांनी बगितलं मी."

डॉक्टरांनी चनबसप्पाला हाक मारली. "काय घालता हो?"

"पाणी की, साहेब. नळाचं."

"मग चोरून कशाला?"

चनबसप्पानं मान खाली घातली. झालं, अंबुबाईला पुरावाच मिळाला.

"टाकीला पुन्हा हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

आठवडाही गेला नाही, आणि एका सकाळी मासा वाळूवर आडवा पडलेला. काचेच्या कडेला पांढरी पापडी धरली होती. डॉक्टरांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले.

"मीठ कुणी टाकलं यात? अहो, पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. भरायचं ते गोडंच पाणी!" आणि त्यांनी रागानं चनबसप्पाकडे पाहिलं. "तुम्हाला बजावलं होतं ना?"

अंबुबाईनं त्या पापडीवर बोट फिरवलं. चनबसप्पाच्या बाटलीतल्या गोड्या पाण्यावरच तो जीव इतके दिवस तगला होता, आणि बाटली तिनंच बंद केली होती. ती मीठ कालवताना चनबसप्पानं कितीदा पाहिलं होतं. आता तो सांगेल. पण तो पठ्ठ्या काउंटरवरच्या बाटल्या पुसत राहिला.

"त्यांनी न्हाई," ती म्हणाली. "मीठ मी टाकलं, सायेब. रोज."

"टाकी माळ्यावर टाका," एवढंच बोलून डॉक्टर आत गेले.

अंबुबाई चनबसप्पाकडे वळली. "आण्णा, पानी कशापायी घालता ते तुमी तवाच बोलला का न्हाई?"

"काय बोलू, अंबक्का? मठातली माणसं हसली असती, चनबसप्पा माशाला पाणी पाजतोय म्हणून. उन्हाळ्यात चिमणीला वाटी ठेवतो आपण. हे तर दिवसभर मीठच पितंय. बघवंना मला."

त्यानं बाही वर सारली आणि टाकीत हात घातला. मासा औषधाच्या कागदावर ठेवला, चारी कडा नेटक्या दुमडल्या, एकीत एक खोवल्या आणि ती एवढीशी पुडी अंबुबाईच्या तळहातावर ठेवली.

पुडी ओली होत चालली होती. बाहेर बाकावर पेशंट येऊन बसले होते.