सगळ्यात नवा कोड

माणसांसाठी लिहिणं सोपं. सूचना चुकीची असली तर माणूस डोकं खाजवतो, शिव्या घालतो आणि शेजाऱ्याला विचारतो. मी ज्यांच्यासाठी लिहिते ते एजंट, म्हणजे आपल्या वतीने कॉम्प्युटरवरची कामं उरकणारे प्रोग्रॅम, कुणाला काही विचारत नाहीत. लिहिलंय तसं करतात आणि मोकळे होतात.

आमच्या कंपनीचं नवं टूल अशा एजंटांना लॉगिन करून देतं. एखाद्या साइटने ईमेलवर कोड पाठवला की टूल मेलबॉक्समधून तो उचलतं, साइटवर भरतं आणि सुरक्षेसाठी तो मेल कायमचा पुसून टाकतं. त्याची माहितीपुस्तिका लिहिणं माझं काम. कार्ल्यातल्या भाड्याच्या खोलीत बसून मी लिहिते आणि पुण्यात बसून सुहास, माझा साहेब, ते खोडतो.

मी लिहिलं होतं, 'एजंटाला शक्यतो स्वतंत्र मेलबॉक्स द्यावा.' सुहासने ते उडवलं.

"एजंटाला 'शक्यतो' कळत नाही, प्रतीक्षा. सरळ लिही, मेलबॉक्समधला सगळ्यात नवा कोड उचलावा. आणि चाचणी घेऊन आजच पाठव."

"चाचणीसाठी मेलबॉक्स कुठाय?"

"तुझा आहे की."

माझा कसला! माझा मेल अख्ख्या वाडीचा आहे. आंदर मावळातल्या आमच्या वाडीत कुणीही फॉर्म भरायला घेतला आणि ईमेलचा रकाना आला की तिथे माझाच मेल पडतो. विहाराच्या ओट्यावर बसून एकजण तो मोठ्याने सांगतो, बाकीचे टाकून घेतात. तसा प्रत्येकाच्या फोनमध्ये मेल आहे, फोन चालू करताना दुकानदाराने घातलेला, पण त्याचा पासवर्ड आता दुकानदारालाही आठवत नाही. त्यामुळे गॅस, शिष्यवृत्ती, पीकविमा, सगळ्यांचे कोड माझ्याकडे. फोन येतो, मी कोड सांगते. वैतागते खूप, पण खरं सांगायचं तर मला ते आवडतं. वाडी सोडून आले तरी वाडीचं माझ्यावाचून अडतं.

सुहासला हे सांगायची लाज वाटली. तो हसला असता. मी गुपचूप माझाच मेल दिला, चाचणीसाठी बनवलेल्या खोट्या साइटवर एजंटाला सोडलं आणि चहा टाकला.

तेवढ्यात चैतालीचा, माझ्या चुलत बहिणीचा, फोन आला. तिला नर्सिंगला जागा मिळाली होती. पोर इतक्या लांब नको म्हणून तिचे वडील, श्रीपतीकाका, अडून बसले होते, ते काल रात्री कुठे हो म्हणाले, आणि साइटवर जागा पक्की करायचा आजच शेवटचा दिवस. वाडीत रेंज धड मिळत नाही, म्हणून ती टेकाडावर चढून उभी होती.

"जयभीम ताई. कोड आला का गं?"

मी मेल बघितले. "नाही. परत माग."

तिने मागितला. आला नाही. मी म्हटलं, परत माग. मग पुन्हा परत माग. साइट बनवणाऱ्यांच्या नावाने मी बोटं मोडत होते. ती बिचारी मी सांगेन तसं करत होती.

"मी बघतेच आता," मी म्हटलं. "तू माग, मी डोळे लावून बसते."

आणि मला दिसला. चैतालीच्या नावाचा मेल आला, ठळक अक्षरांत, सगळ्यात वर. मी हात पुढे करेपर्यंत गायब झाला.

तिचा कोड एजंट उचलत होता. सगळ्यात नवा तोच होता ना. तो खोट्या साइटवर भरायचा, तिथे कोड चालायचा नाही, मग एजंट आपल्यासाठी दुसरा मागायचा, आणि तोवर मी चैतालीला आणखी एक मागायला लावलेला असायचा. मी घाईघाईने एजंट बंद केला.

"चैताली, आता माग! लगेच माग!"

"न्हाई मागता येत आता. लाल अक्षरात आलंय. लय वेळा मागितला म्हनून उद्या या म्हनतंय. उद्या कसं चालंल, ताई?"

प्रवेशाच्या साइटवर मदतीसाठी दिलेला नंबर मी पुन्हा पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. मग मी चैतालीलाच फोन लावला. सर्व्हरचं काहीतरी झालं, असं सांगता आलं असतं. सगळे तेच सांगतात आणि वाडीत सगळ्यांना ते पटतं.

"तुझे कोड येत होते," मी म्हटलं. "माझ्या कामाच्या मशीनने ते उचलले. तुझ्या आधी."

खाली गुरं परतत असावीत, फोनमधून घंटा ऐकू येत होत्या. ती रडली असती, मला वाट्टेल ते बोलली असती तर बरं वाटलं असतं.

"त्याला कुटं जायचं व्हतं?" तिने विचारलं.

"कुठंच नाही गं. खोटी साइट आहे ती. आत गेलं की नुसतं कोरं पान."

"मग मला सांगायचं ना, ताई," चैताली म्हणाली. "त्याचं होईस्तवर मी थांबले असते."