इराण्याच्या पेटीतली तबकडी

मित्रांनो, छोट्या ताटलीएवढी, काळी कुळकुळीत आणि मधोमध भलं मोठं भोक असलेली तबकडी तुम्ही कधी पाहिली आहे का? ती मी. माझं वय झालं आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. तो कुणी ऐकला, ते आज सांगते.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. गरम, मऊ गोळा दोन साच्यांत दाबला आणि माझ्या अंगावर केसाहून बारीक रेघा उमटल्या. त्या रेघांत एका तरुणाचा उतावीळ आवाज आणि गिटार कायमची जाऊन बसली. पुढे एका खलाशाच्या पेटीतून मी मुंबईच्या गोदीत उतरले. तिथे आनंदा नावाचा फिटर होता. त्यानं खलाशाचं बिघडलेलं घड्याळ चालू करून दिलं, म्हणून खलाशानं खूश होऊन मला त्याच्या हातात ठेवलं.

आनंदा नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहायचा. त्याची बहीण कांता परळच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाली होती. वडिलांमागे राहिलेलं कळा-तारांचं बुलबुलतरंग ती फार सुरेख वाजवायची.

"हे घे," आनंदा म्हणाला, "तुझ्यासाठी. रॉक अँड रोल म्हणतात याला."

"दादा, पण वाजवू कशावर?"

प्रश्न बरोबर होता. शेजारच्या फोनोवर मोठ्या, जड तबकड्या गरगर फिरायच्या. माझा वेग कमी. तरी भोकात पुठ्ठा बसवून मला चढवलंच. त्या वेगात माझा गाणारा उंदरासारखा चिरकला, पोरं हसून लोळली. सुई मला ओरबाडते आहे हे कांताला दिसलं आणि तिनं ती झटकन उचलली.

नाक्यावरच्या इराण्याकडे मात्र नाणं टाकलं की गाणारी पेटी होती. काचेआड माझ्यासारख्याच छोट्या तबकड्या ओळीनं उभ्या असायच्या. कांता मला घेऊन तिथे गेली. इराणीशेठनं मला पेटीत चढवलं. पहिल्याच ठोक्याला चहा पिणाऱ्यांच्या माना वळल्या.

"फर्स्ट क्लास!" शेठ म्हणाला. "पण एक बात. पेटी में डालेगा, तो इधरही रहेगा. रोज कोण उघडणार?"

कांताकडे एवढी एकच तबकडी होती. तिनं मला पुन्हा हातात घेतलं, पदराच्या टोकानं पुसलं.

"राहू दे इथेच," ती शेवटी म्हणाली. "घरी मुकी बसण्यापेक्षा बरं."

मग माझे खरे कामाचे दिवस सुरू झाले. गिरणीची पाळी सुटली की लोक यायचे आणि मला लावायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला जाणारे जायच्या आधी ऐकायचे, परत आलेले बसलेल्या घशानं माझ्याबरोबर ओरडायचे. शब्द कुणालाच कळत नसत. कांता शाळा सुटल्यावर बायकामुलांसाठीच्या फॅमिली रूममध्ये बसायची आणि माझं गाणं टेबलावर बोटांनी वाजवून बघायची.

अखेर ठरलं! मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य होणार. नायगावातून मिरवणूक निघणार होती. हातगाडी, भोंगा, ढोलकी, लेझीम, सगळी तयारी चालली होती. कांता म्हणाली, मी बुलबुलतरंग वाजवणार, आणि वाजवणार हेच गाणं.

लेझीम पथकाचे प्रमुख सीतारामकाका तिला समजवायला इराण्याकडेच आले.

"पोरी, आपलं राज्य येतंय आणि साहेबाचं गाणं वाजवायचं? आणि तू मुलगी, मास्तरीण. भर रस्त्यात वाजवणार?"

कांताचा आवाज चढला नाही.

"काका, लाठीमार झाला तेव्हा माझी आई मोर्च्यात पुढे होती. तिचा खांदा अजून वर होत नाही. त्या दिवशी कुणी म्हणालं का, बायका भर रस्त्यात कशाला?"

 काकांच्या चहावर साय धरली.

"आणि गाणं?" ते पुटपुटले.

कांतानं नाणं टाकलं. मित्रांनो, त्या दिवशी मी जीव ओतून गायले. आधी काकांची चप्पल हलली, मग गुडघा. गाणं संपलं तेव्हा ते बोटं मोजत होते.

"चाराचा ठेका आहे," ते म्हणाले. "लेझीम बसते याच्यावर. उद्या तालमीला ये."

मिरवणुकीच्या दिवशी मला कुणीच लावलं नाही. सगळे बाहेर होते. मी काचेआड अंधारात उभी. तेवढ्यात नाक्यावरून भोंग्याचा आवाज आला, आणि तो सूर माझाच होता! बुलबुलतरंगाच्या तारांवर तो ठसक्यात नाचत होता, खाली ढोलकी, मध्ये लेझीम छमछमत होती. जन्मभर मी दुसऱ्यांसाठी गायले. माझं गाणं मला ऐकवलं ते कांतानं. एक म्हातारा गिरणीकामगार ओरडला, "कुठलं गं हे गाणं?" कांताची आई रखमा हातगाडीशेजारून चालत होती. तिनंच उत्तर दिलं, "माझ्या लेकीचं!"

पुढे इराण्यानं पेटी काढून टाकली आणि मला कांताकडे परत पाठवलं. तोवर तिनं माझ्या वेगाचं यंत्र घेतलं होतं. चोरबाजारात धुंडाळून तिनं माझ्यासारख्या कितीतरी तबकड्या जमवल्या आणि प्रत्येकीला कापडाची पिशवी शिवली. मग कॅसेटी आल्या. यंत्राचा पट्टा तुटला आणि आम्ही सगळ्या वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिलो. उन्हाच्या झळीनं काही बहिणी वाकल्या, त्या पुन्हा गायल्या नाहीत.

हल्ली मृणालिनी नावाची एक मुलगी जुन्या तबकड्या जमवते. ती कांताकडे आली, तिनं पट्टा आणून यंत्र दुरुस्त केलं, मला उजेडात धरलं आणि म्हणाली, "आजी, हिच्यावर चरे किती!"

"असणारच," कांता म्हणाली. "सगळ्या नायगावनं ऐकलीय ती."

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला कडेनं धरा. उन्हात ठेवू नका, एकीवर एक रचू नका, मऊ कापडानं धूळ टिपा. पण एवढी काळजी घेऊन तिला कपाटात कोंडू नका. खिडकी उघडा, शेजाऱ्यांना बोलवा आणि सुई ठेवा.