खिडकीजवळच्या खाटेवरची मच्छरदाणी

मी मच्छरदाणी बोलतेय, तापाच्या वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवरची. हळूच बोलते. अंगात जोर उरलेला नाही.

सुरतेकडच्या कुठल्याशा कारखान्यात जन्मले आणि ट्रकमधून अक्कलकुव्याच्या रस्त्यानं नंदुरबारला आले. तेव्हा पांढरीशुभ्र होते, आता चहाच्या गाळण्यासारखी दिसते. एका कोपऱ्याची नाडी तुटली, तिथं सलाईनची नळी बांधलीय. भोकं आमच्या आयाबाईंनी, रूपलीबाईंनी, शिवली. काळ्या दोऱ्यानं, कारण पांढरा मिळाला नाही.

पावसाळा सरत आला की मला विसावा नसतो. एक रुग्ण उठतो, तोच दुसरा येतो. हल्ली खाटा पुरत नाहीत, खाली गाद्या टाकतात. रिपोर्ट आला की अतिका सिस्टर नुसतं 'डेंगू' म्हणतात आणि मला खाली सोडतात. त्यांची पाठ वळली की लोक मला वर गुंडाळतात. उभा जन्म असा वर-खाली होण्यात चाललाय.

यंदा भाद्रपदात प्रकाशा गावचे रतिलालभाऊ तापानं आले. त्यांना बघायला अख्खी गल्ली टेम्पो करून आली, प्रत्येकाच्या हातात पपईच्या पानांची जुडी. त्यांच्या बायकोला, शोभाबाईंना, मी डोळ्यासमोर नको होते.

"जित्ता मानूसले असं झाकी ठेवतस का?"

रतिलालभाऊ म्हणाले, "माले त डेंगू व्हई गया. आते मच्छर चावीसन काय करतीन? वर कर ती जाळी."

रूपलीबाईंनाही ते पटलं. फरशी पुसताना मी पायात यायचे ना! त्यांनी मला दांडीवर टाकलं.

अतिका सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "काका, जाळी तुमच्यासाठी नाही, बाकीच्यांसाठी आहे. तुम्हाला चावलेला डास पुढे दुसऱ्याला डेंगू देतो."

सगळ्यांनी माना हलवल्या. मान हलवायला आमच्याकडे कुणी मागे राहत नाही. दुपारी मी पुन्हा दांडीवर. हे डास दिवसाच चावतात, हे सांगणार कुणाला? एक पट्ट्यापट्ट्यांचा डास रतिलालभाऊंच्या घोट्यावर बसला, पोटभर प्याला आणि उडाला. मला तोंड नाही. फार वाईट वाटलं.

ते बरे होऊन घरी गेले. दसऱ्याच्या सुमारास रूपलीबाई कामावर आल्या त्या भिंत धरत. संध्याकाळी त्या माझ्याच खाली होत्या. कुठला डास कुणाला चावला, कोण सांगणार? पण आता त्यांच्या पेशी फार उतरल्यात, हिरड्यांतून रक्त येतंय, आणि डॉक्टर सारखे येऊन बघतात.

आज रतिलालभाऊ तपासणीला आले होते. कळल्याबरोबर पपई घेऊन खाटेपाशी आले.

"काय व्हयनं वं ताई?" म्हणत त्यांनी सवयीनं माझी झालर उचलली.

आतून सलाईन लावलेला हात आला. त्यानं झालर खाली ओढली.

"ऱ्हाऊ दे, भाऊ. वॉर्डमा बाकीना मानसे शेतस."

रतिलालभाऊ खाली वाकले. त्यांनी माझी कड गादीखाली नीट खोचली आणि बाहेर स्टुलावर बसले, पपई मांडीवर घेऊन.

बाबांनो, मी आता फार टिकायची नाही, फडक्यांत जाईन. तोवर तरी मला उचलू नका. रूपलीबाईंना नुकती झोप लागलीय. झालरीवरची मूठ अजून सुटलेली नाही.